पाव फेरा अधिक

पेण-रोह्याकडे ज्यांचे घर आहे, त्यांना पावसाळ्यातील दारांचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. मृगाच्या सरी सुरू झाल्या की आठ-पंधरा दिवसांत दार चौकटीत अडकू लागते. आधी वरचा कोपरा घासतो, मग कडीकडची बाजू रुतते आणि आषाढात तर खांदा लावल्यावाचून ते उघडत नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात लाकडाने पाणी प्यावे यात नवल नाही. माझे वडील पेणला सुतारकाम करीत. जुलैत लोक त्यांच्याकडे येत आणि म्हणत, "दाराला जरा रंधा मारून द्या." वडील जात, दार उघडून-मिटून पाहत आणि बहुतेक वेळा तसेच परत येत. "आज रंधा मारला तर मार्गशीर्षात फटीतून पाल आत येईल," एवढेच त्यांचे म्हणणे असे. दारात आलेली मजुरी सोडून देणारा हा सुतार आईला कधी पुरता कळला नाही, असे मला वाटते.

वडिलांचे हे वाक्य मला पुढे एका अगदी निराळ्या प्रसंगी आठवले. माझे धाकटे मामा विमानांचे मेकॅनिक होते. मुंबईबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली व निवृत्तीनंतर ते रोह्याला, कुंडलिकेपासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या कौलारू घरात राहिले. विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आज पोलादी पक्षी येतो. मामांच्या हाताखालून गेलेली विमाने तशी नव्हती. टायगर मॉथसारख्या त्या विमानांचे पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले असत आणि नाकावरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, अखंड लाकडाचा असे. अखंड म्हणजे एका ओंडक्याचा नव्हे. महोगनी, अक्रोड, बर्च अशा लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून, मग तासून, गुळगुळीत करून, वर वॉर्निश चढवून तो सिद्ध करीत. माझ्या लहानपणी मामांनी असा एक मोडीत निघालेला पंखा वडिलांना दाखवायला आणला होता. वडिलांनी त्यावरून तळहात फिरवला आणि "हे काम माणसाचे आहे" असे ते म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेली ती फार मोठी स्तुती होती.

आपल्या महाराष्ट्राचे आकाश उघडले तेही अशाच लाकडी पंख्यांनी. १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन त्यांचे पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्या जुहूच्या मैदानाची एक गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. समुद्राला लागून असलेली ती जागा पावसाळ्यात चिखलाखाली जाई, म्हणून ती छोटी हवाई सेवा दर पावसाळ्यात आपले बिऱ्हाड उचलून पुण्याला नेई. दोन विमाने, मूठभर माणसे आणि हत्यारांच्या पेट्या! सिंधच्या कोरड्या हवेतून मुंबईच्या दमट किनाऱ्यावर, तेथून घाटावर आणि पाऊस सरला की पुन्हा समुद्राकाठी. त्या प्रवासातील टपाल इतिहासाने मोजले. पण त्या लाकडी पंख्यांना कळलेले ऋतू कोणी मोजले नाहीत. ते मोजण्याचे काम मेकॅनिकांकडे होते. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डीं.नी तोच कराची-मुंबई प्रवास लेपर्ड मॉथ या जुन्या विमानाने पुन्हा केला, तेव्हाही उड्डाणापूर्वी कोणीतरी त्या पंख्याचे बोल्ट हाती पाना घेऊन तपासले असणारच. त्या हातांची नावे आपल्याला ठाऊक नसतात.

पंख्याचे बोल्ट ही वस्तू कशी आहे हे थोडे विस्ताराने सांगितल्यावाचून पुढचा विषय उलगडणार नाही. पंख्याचा मधला जाड भाग म्हणजे, आपल्या बैलगाडीच्या भाषेत बोलायचे तर, त्याचा तुंबा. त्याच्या मागे इंजिनाकडून आलेली पोलादी चकती आणि पुढे दुसरी चकती, मध्ये लाकूड. इंजिनानुसार सहा किंवा आठ बोल्ट या तिघांना आरपार छेदून एकत्र आवळतात. पाहणाऱ्यास वाटते की हे बोल्टच पंखा फिरवतात. प्रत्यक्षात तसे नसते. बोल्टांनी लाकूड चकत्यांवर इतके दाबून धरायचे असते की त्या पकडीनेच, घर्षणानेच, इंजिनाचे बळ पंख्याला पोचावे. चार सिलिंडरांचे इंजिन एका फेऱ्यात दोन धक्के देते. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर चार हजार धक्के. पकड ढिली असेल तर प्रत्येक धक्क्याला लाकूड केसभर सरकते, घासते, तापते. आतल्या आत ते तपकिरी होते, मग काळवंडते, बोल्टांची भोके गोलाची लांबट होतात आणि अखेर एखाद्या दिवशी पंखा विमानाची साथ सोडतो.

म्हणून बोल्ट घट्ट हवेत, हे कोणीही सांगेल. अवघड प्रश्न पुढचा आहे : घट्ट म्हणजे किती?

पंखा बनवणारा त्यासाठी दोन आकडे देतो, एक खालचा आणि एक वरचा. त्या दोहोंच्या आत राहायचे. ते मोजायला टॉर्क पाना असतो. त्याच्या दांडीवरचा काटा हाताचा जोर दाखवतो. सगळे बोल्ट एका दमात आवळायचे नसतात. एक थोडा, मग त्याच्या बरोबर समोरचा थोडा, मग काटकोनातला, असे फिरत फिरत सर्वांना सारखे वर आणायचे. मग एका पात्याच्या टोकाशी खुर्ची किंवा खोके ठेवून खूण करायची, पंखा हाताने अर्धा फेरा फिरवायचा आणि दुसऱ्या पात्याचे टोक त्याच खुणेशी येते का ते पाहायचे. दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक फरक दिसला तर कोठेतरी एका बाजूला अन्याय झाला आहे असे समजायचे. (हा शब्द मामांचा. यंत्रांविषयी बोलताना ते न्याय-अन्यायाचे शब्द फार सहज वापरीत.) बोल्ट आणि नट कोरडे आहेत की त्यांना तेल लागले आहे यानेही हिशेब बदलतो, कारण पाना फिरवताना हाताला जो विरोध जाणवतो त्यातील बहुतेक सगळा घर्षणाचा असतो, सुमारे दहावा हिस्साच बोल्ट ताणण्याच्या, म्हणजे खऱ्या कामाच्या वाट्याला जातो. आपण किती जोर लावला आणि त्यातला किती कामी आला, या दोन गोष्टी एकच समजण्याची चूक माणूस पाना हाती नसतानाही करतोच.

बोल्ट योग्य मापाने आवळले, नटाच्या खाचेतून स्प्लिट पिन घातली, वहीत सही केली. काम संपले का? धातूचा पंखा असता तर पुष्कळसे संपले असते. पण मध्ये लाकूड आहे. रेषांच्या दिशेने लाकूड फारसे वाढत नाही, आडवे मात्र फुगते. आणि बोल्ट त्याला नेमके आडवेच दाबत असतात. चार इंच जाडीचा तुंबा पावसाळ्यात ओलावा पिऊन मिलिमीटरभर फुगू पाहतो. दोन्ही बाजूंना पोलाद असल्याने त्याला जायला जागा नसते. तेव्हा ते स्वतःलाच चेपते. त्याचे तंतू चुरडतात आणि चुरडलेले तंतू पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की लाकूड मूळच्या मापापेक्षाही बारीक होते आणि जूनमध्ये घट्ट असलेला बोल्ट जानेवारीत सैल सापडतो. हा न्याय आपल्या शेतकऱ्यांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की रात्री ती पाण्यात टाकून ठेवतात. सकाळी दांडा घट्ट होतो आणि चार दिवसांनी वाळला की आधीपेक्षा जास्त हलतो. म्हणूनच लाकडी पंख्याचे बोल्ट ठरावीक तासांच्या उड्डाणानंतर तर तपासायचेच, पण ऋतू पालटला की उड्डाण झालेले नसले तरी तपासायचे. विमान उभे ठेवतानाही पंखा आडवा ठेवायचा. उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते.

आता मामांची गोष्ट. ती त्यांनी मला पुष्कळ उशिरा, त्यांच्या सत्तरीनंतर, रोह्याच्या पडवीत बसून सांगितली.

साठच्या दशकातील एक मे महिना होता. पावसाळा तोंडावर आला होता. मामा तेव्हा तिशीचेही नव्हते. नुकताच सहीचा अधिकार मिळालेला होता. क्लबाच्या तीन विमानांच्या पंख्यांचे बोल्ट त्यांनी एकाच आठवड्यात आवळले. टॉर्क पान्याचा काटा वरच्या आकड्याच्या जरा अलीकडे येऊन थांबला, खाच आणि पिनचे भोक जुळले. तेथे थांबायचे होते. "पण मला रात्रभर झोप आली नसती," मामा म्हणाले. "पाऊस, वारा, हादरे. वाटले, थोडे अधिक असलेले बरे. टॉर्क पाना ठेवला, साधा पाना घेतला आणि पुढच्या खाचेपर्यंत नेले. फार नाही रे, पाव फेरा असेल नसेल." तिन्ही विमानांना तेच केले. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसणार? पिन नीट बसलेली, तार नाही, तडा नाही, खाली स्वच्छ सही. वहीत त्यांनी आकडा लिहिला तो पुस्तकातला.

पावसाळ्यात उड्डाणे जवळजवळ थांबली. तपासणी तासांवर ठरत असल्याने ती पुढे पुढे गेली. तासांचे गणित पावसात थांबले, लाकडाचे थांबले नाही. नाताळापूर्वी पुन्हा शिकवणी जोरात सुरू झाली. त्या डिसेंबरात त्या तिघांपैकी एका विमानावर अठरा वर्षांच्या एका मुलाने आपले पहिले एकट्याचे उड्डाण केले; त्याची आई कुंपणापाशी उभी होती आणि मामांनी तिला सावलीत खुर्ची नेऊन दिली होती. जानेवारीत त्याच विमानाची तपासणी आली. मामांनी पाना लावला तो नट लोण्यातून फिरावा तसा फिरला. पंखा उतरवला तेव्हा पुढच्या चकतीखालचे लाकूड तपकिरी पडले होते आणि दोन भोके लांबट झाली होती.

पंखा बाद ठरला. प्रमुख इंजिनिअरांनी सर्वांसमोर मामांची पाठ थोपटली, कारण पुढच्या चार-दोन उड्डाणांत काहीही घडू शकले असते. दोष ज्याच्या हातून झाला त्यालाच दोष शोधल्याचे श्रेय मिळाले. मामा गप्प राहिले.

माझ्या मते या गोष्टीतील विचार करण्याजोगा भाग दोन ठिकाणी आहे. त्यातील पहिले ठिकाण तो पाव फेरा.

बोल्ट सैल ठेवणाऱ्याला आपण आळशी, निष्काळजी, बेजबाबदार म्हणतो, आणि तसे म्हणणे योग्यच आहे. पण अधिक आवळणाऱ्याला काय म्हणायचे? त्याला आपण काळजी घेणारा म्हणतो. तो उशिरापर्यंत थांबतो, पुन्हा पुन्हा पाना लावून पाहतो, त्याच्या कपाळावर घाम असतो. "अति तेथे माती" ही म्हण आपल्या तोंडी आहे खरी. पण ती आपण खाणे-पिणे, बोलणे, लाड यांच्याविषयी वापरतो. काळजीविषयी वापरीत नाही. मामा सांगत होते की तो प्रकार घडल्यावर ते पापनिवेदनाला गेले तेव्हा त्यांना आपल्या अपराधाला नावच सापडेना. "आळस केला" असे ते म्हणाले. तो खरे तर आळस नव्हता. सदसद्विवेकबुद्धीच्या परीक्षणासाठी आपल्याला लहानपणापासून जे प्रश्न शिकवतात त्यात कर्तव्यात कुचराई केली का, असे विचारलेले असते. कर्तव्यात अतिरेक केला का, असे सहसा कोणी विचारीत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो असे सांगितले आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तो विचार आपल्या नीतिशास्त्रात सामावून घेतला. मात्र हा मध्य फूटपट्टीने दोन टोकांमधले अंतर निम्मे करून मिळत नाही. मायलो नावाच्या मल्लाला जेवढे अन्न पुरेल तेवढे नवशिक्याला जास्त होईल, असे उदाहरण अ‍ॅरिस्टॉटलनेच दिले आहे. योग्य माप समोरच्याच्या प्रकृतीवरून ठरते. मामांच्या पुस्तकातील दोन आकडे म्हणजे दुसरे काय? ते लाकडाच्या प्रकृतीवरून ठरले होते. एवढा दाब त्याचे तंतू सोसतात, याच्यापुढे नाही. मामांचा पाव फेरा कोणाच्या प्रकृतीवरून ठरला? तो लाकडासाठी नव्हता, विमानासाठी नव्हता, कुंपणापाशी उभ्या असलेल्या त्या आईसाठीही नव्हता. त्यांना रात्री झोप यावी म्हणून तो होता. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि मी त्यांना जन्मभर मानले त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

या दृष्टीने पाहू लागल्यावर मला माझ्याच घरातले कितीतरी पाव फेरे दिसू लागले. मी चाळीस वर्षे शिक्षकी केली. दहावीच्या वर्षी माझ्या मुलीला मी सकाळी साडेचारला उठवीत असे. शाळेतील इतर मुलांना मी सहाला उठा म्हणून सांगत होतो. पोरीच्या वाट्याला दीड तास अधिक. तिच्या अभ्यासाला त्याची गरज होती का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. परीक्षेनंतर ती दोन वर्षे पुस्तकाला हात लावीना, तेव्हा आम्ही सर्वांनी तिलाच सैल ठरवले. ती आता स्वतः आई आहे आणि मला क्षमा करून मोकळी झाली आहे. पण लाकूड कोणी चेपले हे मला ठाऊक आहे.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या आयुष्यात १५२२ साली मनरेसा येथे अशी एक अवस्था आली होती. जुनी पापे पुन्हा पुन्हा कबूल करूनही काहीतरी राहिले, पुरते सांगितले गेले नाही, या संशयाने त्यांना ग्रासले होते. आणि गेलेल्या गोष्टी पुन्हा उगाळायच्या नाहीत असा निर्धार केल्यावरच त्यांची सुटका झाली. ज्याला आपण अतिचिकित्सक विवेक म्हणतो तो वरून भक्तीसारखा दिसतो, आणि तरीही त्याची सारी नजर स्वतःवरच खिळलेली असते. पुढे त्यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात या शंकेखोरपणाविषयी स्वतंत्र सूचना लिहून ठेवल्या, त्या स्वानुभवातून.

आता दुसरे ठिकाण, जे मला अधिक अवघड वाटते.

पाठ थोपटून घेतल्यावर मामा तीन आठवडे गप्प होते. पण ते स्वस्थ बसले नव्हते. मेमध्ये आपण आणखी दोन विमानांनाही तेच केले आहे हे त्यांना आठवत होते. दुसऱ्याच दिवशी पहाटे, हँगरमध्ये कोणी येण्यापूर्वी, त्यांनी त्या दोन्ही पंख्यांच्या पिना काढल्या. एक ठीक होता. दुसऱ्याची पकड कमी झालेली होती, पण लाकूड डागाळलेले नव्हते. त्यांनी सर्व बोल्ट सैल करून काट्याप्रमाणे पुन्हा आवळले, नव्या पिना घातल्या, हात पुसले. कोठेही लिहिले नाही. विमाने निर्धोक झाली. कोणाचे काही नुकसान झाले नाही. मग अपराध उरला कोठे?

मी त्यांना हेच विचारले. ते म्हणाले, "मलाही तसेच वाटले होते. तीन आठवडे मी ते स्वतःला समजावत होतो. पण जेवण जाईना."

अखेरीस ते प्रमुख इंजिनिअरांकडे गेले आणि त्यांनी सगळे सांगितले. त्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, "दुसरी दोन?" मामा म्हणाले, "मी तपासली." "कोठे लिहिले आहे?" मामांकडे उत्तर नव्हते. पाव फेऱ्यावर ते रागावले नाहीत; तरुण माणसे असे करतात, ते म्हणाले. ते रागावले वहीवर. "तू विमान दुरुस्त केलेस आणि वही नादुरुस्त ठेवलीस. उद्या तुझ्या जागी येणारा वही वाचील, तुला नाही." मामांचा सहीचा अधिकार सहा महिने काढून घेण्यात आला. आणि पुढच्या मेपासून त्या क्लबात एक नवा शिरस्ता सुरू झाला : तास भरोत वा न भरोत, पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा प्रत्येक लाकडी पंख्याचे बोल्ट तपासायचे, आणि सापडलेले माप, आवळल्यानंतरचे माप, दोन्ही लिहायचे.

हा शिरस्ता मामांच्या कबुलीतून निघाला. गुपचूप केलेल्या दुरुस्तीतून तो कधीच निघाला नसता, कारण त्यांचा दोष आणि त्यांचे ज्ञान ही एकच वस्तू होती. दोष लपवायचा तर ज्ञानही लपवावे लागते. आणि त्या पहाटे हँगरमध्ये त्यांनी दोन पंखे वाचवले तरी चौथा, पाचवा, दुसऱ्या कोणाच्या हातचा, दुसऱ्या गावचा पंखा त्यांनी वाऱ्यावर सोडला होता. तो पाव फेरा जसा स्वतःच्या झोपेसाठी होता तशीच ती मूक दुरुस्तीही, असे माझे मत झाले आहे.

विमानविद्येने हे फार मोठी किंमत देऊन शिकले असावे. १९४४ च्या शिकागो करारातून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अपघातांच्या चौकशीविषयी जे परिशिष्ट १९५१ मध्ये स्वीकारले, त्यात चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे हाच आहे, दोष वा जबाबदारी वाटणे हा नाही, असे तत्त्व आज स्पष्ट शब्दांत आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक, मेकॅनिक, नियंत्रक यांना आपली चूक नाव गुप्त राखून कळवता येते; ते नाव काढून टाकतात आणि चूक मात्र सर्वांना वाचायला ठेवतात. हे वाचले तेव्हा मला आपल्या पापनिवेदनाची आठवण होणे साहजिक होते. तेथेही भीती बाजूला ठेवून बोलता यावे अशीच योजना आहे. पण फरकही ध्यानात घेण्यासारखा आहे. पापनिवेदनात नाव आणि दोष दोन्ही मोहोरबंद होतात. माणूस मोकळा होतो, आणि ते तसेच असायला हवे. येथे नाव झाकतात आणि दोष उघडा ठेवतात, कारण दुसऱ्याच्या हातात पाना आहे. मामा फादरांकडे जाऊन आले होते आणि तरीही त्यांना जेवण जात नव्हते, याचे कारण मला येथे सापडले असे वाटते. देवाशी त्यांचा हिशेब मिटला असेल. वहीशी मिटला नव्हता.

यावर मामांची स्वतःची एक शंका होती आणि ती मी लपवीत नाही. ते म्हणाले, "अरे, मी सांगितले तेही कशावरून माझ्या समाधानासाठी नव्हे? जेवण जाईना म्हणून तर गेलो." मला तेव्हा उत्तर सुचले नाही. आज सुचते ते अर्धेमुर्धे आहे. हेतू धुऊन स्वच्छ झाल्यावरच सत्य सांगायचे म्हटले तर कोणीच कधी काही सांगणार नाही. शिवाय, पाव फेऱ्याने फक्त मामांची झोप साधली. सांगण्याने सहा महिन्यांची सही गेली आणि दुसऱ्यांच्या हाती काहीतरी आले. हेतू दोन्हीकडे मिसळलेला असेल, पण वजनाचे पारडे कोठे झुकले ते दिसते. मामांना हे उत्तर पटले असते की नाही, सांगता येत नाही. त्यांना सोपी उत्तरे आवडत नसत.

त्यांच्या शेवटच्या जुलैत मी रोह्याला गेलो तेव्हा पडवीचे दार चौकटीत इतके फुगले होते की ते मिटतच नव्हते. कुत्रे आत येऊ नये म्हणून मामांनी ते सुतळीने खिळ्याला बांधून ठेवले होते. शेजारचा एक तरुण सुतार विजेवर चालणारा रंधा घेऊन आपण होऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, पाच मिनिटांचे काम आहे." मामांनी त्याला चहा दिला. "डिसेंबरात ये," ते म्हणाले. "तेव्हाही घासत असेल तर बघू."

मामा ऑक्टोबरात गेले. नाताळाच्या आदल्या आठवड्यात घरमालकांना किल्ली परत देण्यासाठी मी एकटाच रोह्याला गेलो. सुतळी अजून खिळ्यालाच लोंबत होती. मी दार ओढून घेतले. ते चौकटीत अलगद बसले आणि कडी एका बोटाने लागली.